जुनी प्रणाली आणि नवीं यंत्रें

जुनी ऑपरेटिंग सिस्टिम नव्या संगणकावर बसत नाहीं, तेव्हां तिला वार्धक्य आलें असें म्हणण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं. इतिहास पाहतां दोष वार्धक्याचा नसून अपरिचयाचा आहे, असें दिसून येतें.

‘विंडोज एक्सपी’ २५ ऑक्टोबर २००१ रोजीं विक्रीस आली. त्या काळीं घरगुती संगणकांत हार्ड डिस्क प्रायः आयडीई पद्धतीनें जोडीत. पुढें साटा जोडणी व तिची एएचसीआय पद्धति रूढ झाली. अशा यंत्रावर एक्सपी बसवूं जातां निळा पडदा व ७बी हा दोषांक दिसे. कारण समोरची डिस्क वाचण्याचा ड्रायव्हरच तिच्यापाशीं नव्हता. कर्त्यांनीं तोड ठेविली होती: आरंभीं एफ-६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा. परंतु ज्या नव्या यंत्रांना त्याची गरज, त्यांतून फ्लॉपीच नाहींशी होत चालली होती! मग जाणत्यांनीं दोन मार्ग काढिले. बायॉसमध्यें डिस्क आयडीई पद्धतीवर आणणें हा एक. तबकडीची नवी प्रत करून तिच्यांतच ड्रायव्हर घालणें हा दुसरा.

२००९ सालच्या ‘विंडोज ७’ चीही हीच कथा. इंटेलच्या २०१५ मधील सहाव्या पिढीच्या यंत्रांत जुना यूएसबी नियंत्रक उरला नाहीं, आणि नव्याचा ड्रायव्हर तबकडींत नव्हता. पडद्यावर भाषा विचारली जाई, पण उत्तर देण्यास यूएसबीचा कळफलक व माऊस दोन्ही मुके! उपाय तोच: ड्रायव्हर आधींच तबकडींत घालणें.

हा केवळ छांदिष्टांचा खटाटोप नव्हे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं पुष्कळ मराठी मजकूर विशिष्ट फाँटांच्या खासगी संकेतांत साठविला गेला. तो फाँट नसेल तर अक्षरांऐवजीं रोमन चिन्हांची खिचडी दिसते. आणि त्या वेळचे कित्येक कार्यक्रम जुन्या प्रणालीवरच चालतात.

एक्सपीचें साह्य ८ एप्रिल २०१४ रोजीं व विंडोज ७ चें सामान्य साह्य १४ जानेवारी २०२० रोजीं थांबलें. म्हणून त्यांस इंटरनेटशीं न जोडणें बरें. नव्या संगणकांत आभासी संगणक रचून तेथें जुनी प्रणाली नांदविणें अधिक सुरक्षित. पण मूळ तबकड्या, ड्रायव्हर व फाँट जपले तरच हें शक्य आहे. मोडी जाणणारे उरले म्हणूनच पेशवे दप्तर बोलतें झालें. आमच्या काळच्या दप्तरांसाठीं तेवढी तजवीज आम्हींच केली पाहिजे.