पैठणची गाडी आणि बंदराचे जुळे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारवर्णनात आपले पैठण आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर. पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे कापड गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, असे हा ग्रंथ सांगतो. मराठवाड्याच्या इतिहासात हा उल्लेख वारंवार येतो. त्याच ग्रंथातला बंदराचा भाग मात्र आपण सहसा वाचत नाही.

भडोच खुल्या समुद्रावर नाही, नर्मदेत आत आहे. मुखाशी उथळ वाळूपट्टे आणि भरती-ओहोटीचा विलक्षण जोर. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ जातीच्या मोठ्या होड्या घेऊन जहाजांना सामोरे जात. भरती लागली की जहाज आत ओढायचे, ओहोटीला ठरलेल्या जागी नांगरून ठेवायचे. कोणत्या घटकेला कुठे किती पाणी, याची प्रतिकृती त्यांच्या डोक्यात होती.

ही प्रतिकृती पुढे सिमेंटात उतरली. मुंबई इलाख्याने १९१६ साली सिंचनासाठी सुरू केलेल्या कक्षातून खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे बंदरांच्या खाड्या लहान मापात बांधून त्यांत भरती आणली जाते. समजा, आडवे माप ४००स १ आणि उभे १००स १ धरले, तर काळ ४० पटींनी आक्रसतो. सुमारे साडेबारा तासांचे भरतीचक्र १९ मिनिटांत पुरे होते. मात्र आधी प्रत्यक्ष मोजलेले प्रवाह प्रतिकृतीत जुळावे लागतात. त्यानंतरच नव्या धक्क्याचा किंवा गाळाचा प्रश्न तिला विचारता येतो.

आज ज्याला ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात, ते याच वंशातले. फरक इतकाच, की संवेदकांकडून येणाऱ्या ताज्या नोंदींमुळे संगणकातले बंदर खऱ्या बंदराबरोबर बदलत राहते. पाणी, वारा, रिकामा धक्का, क्रेन यांचा मेळ घालून जहाज केव्हा आत घ्यावे हे आधीच तपासता येते. रॉटरडॅमने २०१८ साली अशी वाट धरली.

आपल्यासाठी प्रश्न पुढचा आहे. वाळूज-शेंद्र्याचा माल न्हावाशेव्याला पोचण्याआधी घाट उतरतो. जहाज वेळेवर लागले आणि कंटेनर वाटेत अडकला, तर धक्क्यावरची शिस्त त्या उद्योजकाच्या काय कामाची? न्हावाशेव्याच्या बंदर प्राधिकरणाने जालन्याजवळ ड्राय पोर्ट हाती घेतले, म्हणजे बंदराची हद्द मराठवाड्यात आलीच. मग त्याचे जुळेही फाटकाशी संपून चालणार नाही. त्यात जालन्याची वाट, रेल्वे आणि ट्रकची रांग हवी.

‘पेरिप्लस’च्या अनाम लेखकाने कोळ्यांची होडी टिपली आणि पैठणची गाडीही. बंदराचे चित्र त्याशिवाय पुरे होत नाही, हे त्या व्यापाऱ्याला ठाऊक होते.