चार्ट सॉफ्टवेअर संथ चालतंय? नवी ड्राइव्ह घेण्याआधी हे तपासून घ्या

सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो आणि नेमका त्याच वेळी चार्ट अडकतो. एका शेअरवरून दुसऱ्यावर क्लिक केलं की कर्सर गोल फिरत राहतो. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, जुन्या कॉम्प्युटरवर ट्रेडिंग करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "एसएसडी टाका." हा सल्ला बऱ्याचदा बरोबर ठरतो, पण प्रत्येक वेळी नाही. चुकीच्या ठिकाणी पैसे घातले तर खिसा हलका होतो आणि चार्ट जिथल्या तिथेच राहतो.

ड्राइव्ह कुठे उपयोगी, कुठे नाही

ट्रेडिंगव्ह्यू किंवा ब्रोकरच्या वेबसाइटवर ब्राउझरमध्ये चार्ट पाहत असाल, तर डेटा कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. अशा वेळी इंटरनेट, रॅम आणि प्रोसेसर महत्त्वाचे. एसएसडीमुळे कॉम्प्युटर आणि ब्राउझर लवकर सुरू होतील, एवढंच.

अ‍ॅमिब्रोकर, मेटाट्रेडर, निंजाट्रेडर यांसारखी सॉफ्टवेअर मात्र भावांचा इतिहास आपल्याच ड्राइव्हवर साठवतात. सॉफ्टवेअर उघडणं, शेकडो शेअरचं स्कॅन, बॅकटेस्ट या कामांत ड्राइव्हचा फरक ठळक दिसतो.

लाइव्ह भाव लवकर दिसणं किंवा ऑर्डर लवकर पोहोचणं याच्याशी ड्राइव्हचा संबंध नाही. ते इंटरनेट आणि ब्रोकरच्या सर्व्हरवर अवलंबून असतं. "एसएसडीने ऑर्डर फास्ट जाते" असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

आधी दुखणं ओळखा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सॉफ्टवेअर अडकलेलं असतानाच त्यातले आकडे पाहा.

• डिस्क 100 टक्क्यांच्या आसपास आणि मेमरी मोकळी: ड्राइव्ह कमी पडतेय.
• मेमरी जवळपास भरलेली: आधी रॅम वाढवा. रॅम संपली की विंडोज ड्राइव्हचाच रॅमसारखा वापर करतं, त्यामुळे तेव्हाही डिस्कचा आकडा चढलेला दिसतो. इथे बरेच जण फसतात.
• प्रोसेसर 100 टक्के: इंडिकेटर आणि फॉर्म्युल्यांचा भार जास्त आहे. ड्राइव्ह बदलून फरक पडणार नाही.
• तिन्ही मोकळे, तरी चार्ट अडकतो: इंटरनेट किंवा डेटा फीड तपासा.

डेटा किती, याचा हिशेब

एनएसईचा नेहमीचा व्यवहार 9:15 ते 3:30, म्हणजे 375 मिनिटं चालतो. वर्षाला साधारण 250 दिवस धरले तर एका शेअरचे एक मिनिटाचे 93,750 बार होतात. अ‍ॅमिब्रोकर एका बारला 40 बाइट घेतं, म्हणजे वर्षाला पावणेचार एमबी. 500 शेअरचा पाच वर्षांचा डेटा जवळपास 9.4 जीबी भरतो. 8 जीबी रॅममध्ये तो मावत नाही, म्हणून प्रत्येक स्कॅनला ड्राइव्हकडे धाव घ्यावी लागते. इथे एसएसडी हवीच.

फक्त दिवसाचे चार्ट पाहणाऱ्यांचं गणित वेगळं. 2,000 शेअरचा 20 वर्षांचा डेटा जेमतेम 400 एमबी होतो. एकदा वाचला की तो रॅममध्येच राहू शकतो. अ‍ॅमिब्रोकरच्या सेटिंगमध्ये किती शेअर मेमरीत धरायचे याची मर्यादा असते. ती वाढवायला एक रुपयाही लागत नाही.

तीन पर्याय

हार्ड डिस्क: फिरत्या तबकडीवर सुई सरकवून डेटा वाचते. सलग फाइल वाचताना सेकंदाला 100 ते 200 एमबी मिळतात. पण अ‍ॅमिब्रोकर प्रत्येक शेअरची वेगळी फाइल ठेवतं. फाइली विखुरलेल्या असल्या की प्रत्येक उडीला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. खरा वेळ तिथेच खर्च होतो.

साटा एसएसडी: सेकंदाला साधारण 550 एमबी. फिरणारा भागच नसल्याने विखुरलेल्या फाइली वाचायला तिला हार्ड डिस्कसारखा वेळ लागत नाही. जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची हार्ड डिस्क काढून त्याच जागी ती बसते. सर्वात मोठा फरक याच बदलात जाणवतो.

एनव्हीएमई एसएसडी: पीसीआयई 3.0 प्रकारात सेकंदाला 3,500 एमबीपर्यंत, 4.0 मध्ये 7,000 एमबीच्या आसपास. आकडे दिपवणारे असले तरी साटावरून इकडे येताना चार्ट त्या पटीत पळत नाहीत, कारण पुढे प्रोसेसरचं गणित आडवं येतं. नवीन कॉम्प्युटर घेताना एनव्हीएमईच घ्यावी. चालू साटा एसएसडी केवळ त्यासाठी काढून टाकण्यात अर्थ नाही.

घेताना काय पाहावं

• जागा: एम.2 आकाराच्या ड्राइव्ह साटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही प्रकारांत येतात. आपल्या मदरबोर्डला कोणती चालते ते आधी पाहा.
• क्षमता: वरचा हिशेब पाहता 500 जीबी बहुतेकांना पुरते. टिक डेटावर बॅकटेस्ट करणाऱ्यांनी 1 टीबी घ्यावी. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, 15-20 टक्के जागा मोकळी ठेवा.
• चिपचा प्रकार: टीएलसी असेल तर उत्तम. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठा डेटा सलग लिहिताना तिचा वेग घसरतो.
• बिल: वॉरंटीसाठी पक्कं बिल आणि सिरियल नंबर जपून ठेवा. अनोळखी कंपनीची फार स्वस्त ड्राइव्ह टाळावी, क्षमता खोटी निघू शकते.

बसवताना

हे काम शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर हाती घ्या, म्हणजे अडचण आलीच तर शनिवार-रविवार हाताशी राहतो. डेटाबेस, फॉर्म्युले आणि चार्टची मांडणी आधी वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. काही सॉफ्टवेअरचा परवाना त्याच मशीनला बांधलेला असतो, तोही तपासा.

डेटाचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. सतत बदलणाऱ्या फाइली इंटरनेटवर चढत राहतात आणि नवी ड्राइव्हही जुन्यासारखी वागू लागते. काढलेली हार्ड डिस्क चांगल्या स्थितीत असेल तर केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. एसएसडी कधीकधी पूर्वसूचना न देता बंद पडते आणि मग डेटा परत मिळवणं अवघड होतं. डेटा फीडवरून भावांचा इतिहास पुन्हा उतरवता येईल, पण स्वतः लिहिलेले फॉर्म्युले कुठूनही मिळणार नाहीत. निदान त्यांची दुसरी प्रत दर आठवड्याला काढून ठेवावी.