सातमाशी बाळाचा श्वास

राजूर कॉलरीतल्या आमच्या मोहल्ल्यात जुन्या बाया ठामपणे सांगायच्या, सातव्या महिन्याचं बाळ जगतं, आठव्याचं जगत नाही. ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही सापडते. फुप्फुसांचा हिशेब मात्र उलटा आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकी ती तयार.

शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढत जातं. त्याच्या इशाऱ्यावर फुप्फुसांत सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ तयार होतो. तो नसेल, तर श्वास सोडला की हवेच्या पिशव्या चिकटून बसतात. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये हे दाखवलं. तरी १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात मुलगा याच आजाराने ३९ तासांत गेला. सत्ता होती, इलाज नव्हता.

तो मेंढ्यांत सापडला, तोही शोधायला न जाता. न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स कळा कशाने सुरू होतात ते तपासत होते. हार्मोन दिलेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं; पण ते श्वास घेत होतं! १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी २८२ मातांवरचा अभ्यास छापला. अवेळी कळा आलेल्यांपैकी इंजेक्शन मिळालेल्या मातांची ३.२ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्यांची १५ टक्के.

पुढचा भाग आपल्या विदर्भाचा. २०११ ते २०१४ मध्ये सहा देशांत हे इंजेक्शन गावपातळीवर नेऊन पाहिलं. त्यात नागपूर आणि बेळगावचा परिसर होता. अगदी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाले, मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. इंजेक्शन घेतलेल्या बऱ्याच जणींची प्रसूती पुढे दिवस भरल्यावरच झाली. तारीख ठाऊक नसेल तिथे पोट टेपने मोजून महिने ठरवले जात होते. आमच्याकडे तर ‘रजबमध्ये पाळी चुकली’ एवढंच सांगतात. चांद्र महिना २९-३० दिवसांचा, त्यामुळे नऊ महिन्यांत आठवडाभराचा फरक सहज पडतो.

गंमत म्हणजे २०१४ मध्येच केंद्र सरकारने, रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस नर्सताईंनी द्यावा, अशी सूचना काढली. २०१७ ते २०१९ मध्ये भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत तेच औषध पुन्हा तपासलं. या वेळी महिने सोनोग्राफीने मोजले होते आणि बाळांच्या देखभालीची सोय होती. मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले.

म्हणून घरात कुणाला दिवस गेले, तर शेवटच्या पाळीची तारीख इंग्रजी महिन्याने लिहून ठेवा आणि पहिली सोनोग्राफी लवकर करून घ्या.