गारगोटीच्या चकतीची कुळकथा

बिनतारी प्रेषकाच्या मुळाशी आंदोलक असतो, म्हणजे ठरावीक वेगाने उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह निर्माण करणारे मंडल. आणि हा प्रवाह सेकंदाला जितकी आवर्तने पुरी करतो, ती त्याची कंप्रता किंवा वारंवारता. १९२० च्या सुमारास ही कंप्रता तारेचे वेटोळे आणि धारित्र यांच्या जोडीवर अवलंबून असे, आणि ही जोडी फार चंचल होती. निर्वात नलिका तापली की वेटोळ्याची तार किंचित लांबे, धारित्राच्या पत्र्यांमधले अंतर बदले, वाऱ्याने आकाशक हलला तरी त्याचा परिणाम आंदोलकापर्यंत पोचे. १००० किलोहर्ट्झवरचे केंद्र हजारात एका भागाने जरी सरकले, तरी त्याच जागेवरच्या दुसऱ्या केंद्राशी त्याचा १००० हर्ट्झचा फरक पडे आणि दोन्ही केंद्रांच्या श्रोत्यांना भाषणाऐवजी अखंड शीळ ऐकू येई.

यावरचा उपाय विजेच्या मंडलात सापडला नाही. तो दगडात सापडला. १८८० मध्ये पॅरिसमध्ये झाक आणि प्येर क्यूरी या भावांनी दाखवून दिले होते की क्वार्ट्झवर, म्हणजे स्फटिकरूप गारगोटीवर, दाब दिला असता तिच्या पृष्ठावर विद्युतभार प्रकट होतो. वीज दिल्यास ती उलट आकुंचन-प्रसरण पावेल, हे लिपमान यांनी १८८१ मध्ये गणिताने सांगितले आणि क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी या दाबविद्युत गुणाचा वापर सुरू झाला. त्याच कामातून वॉल्टर कॅडी यांचे लक्ष स्फटिकाच्या स्वतःच्या कंपनाकडे वळले आणि १९२१ मध्ये, अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात, त्यांनी क्वार्ट्झच्या कांडीने कंप्रता बांधून ठेवणारा आंदोलक तयार केला. हार्वर्डच्या जॉर्ज पिअर्स यांनी १९२३ मध्ये तेच काम एका नलिकेवर आणले. चांगल्या वेटोळ्यातले आंदोलन काही शे हेलकाव्यांत विरून जाते, तर क्वार्ट्झच्या चकतीचे हजारो हेलकावे टिकते. म्हणूनच भोवतालचे मंडल थोडे बदलले तरी चकती आपला ठेका सोडत नाही.

तापमानापुढे मात्र चकतीही हलत असे. क्यूरींच्या पद्धतीने कापलेल्या चकतीची कंप्रता प्रत्येक सेल्सियस अंशाला दशलक्षात सुमारे २० भागांनी उतरे, म्हणून तिला एकसारख्या तापमानाच्या पेटीत ठेवावे लागे. अमेरिकेत १९३२ मध्ये प्रसारण केंद्रांना ठरलेल्या कंप्रतेपासून सरकण्याची दिलेली सूट ५०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर आली, तेव्हा ही उणीव अधिकच जाणवू लागली. १९३४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील लॅक, विलर्ड आणि फेअर यांनी जो काप जाहीर केला, त्याचे मर्म केवळ एका कोनात आहे: स्फटिकाच्या मुख्य अक्षाशी सुमारे ३५ अंश १५ कलांचा कोन साधून चकती कापली, तर नेहमीच्या तापमानाच्या टापूत तिची कंप्रता जवळजवळ ढळत नाही. एकाच दगडातली, केवळ तिरपी कापलेली चकती इतकी शिस्तशीर वागावी, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

या कापाची १ मेगाहर्ट्झची चकती साधारण १.६६ मिलिमीटर जाड असते आणि काचेवर कुरुंदाच्या चिखलात घासून तिचा एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, उतरवला तर कंप्रता सुमारे ६०० हर्ट्झने चढते. जास्त घासली गेल्यास पृष्ठावर पेन्सिलीचे शिसे चोळून तिला थोडी जड करीत आणि कंप्रता खाली आणीत. दुसऱ्या महायुद्धात ब्राझीलच्या गारगोटीपासून अशा कोट्यवधी चकत्या अमेरिकेत घडवल्या गेल्या. परंतु अचूक घासून साठवलेल्या चकत्यांची कंप्रता पुढे आपोआप चढू लागली. घासण्याने पृष्ठावर बारीक भेगांचा भुसभुशीत थर राहत होता आणि दमटपणामुळे त्याचे कण सुटत होते, त्यामुळे चकती कळत नकळत हलकी होत होती. तेव्हापासून शेवटचा हात दगडी भुकटीने न देता काच खाणाऱ्या आम्लाने देण्याची रीत पडली: मोडका थर विरघळून जाई, खालचा अखंड स्फटिक उघडा पडे, आणि कंप्रता जागच्या जागी राही.