मॅक्डोनल्डची शेती आणि आमची येळवस

लहान मूल असलेल्या कुठल्याही घरात जा, मोबाईलवर एक म्हातारा शेतकरी हमखास भेटतो. लाल रंगाचं गोदाम, गुळगुळीत हिरवी टेकडी, एक गाय, एक डुक्कर, एक बदक, आणि प्रत्येकाचा आवाज काढत चाललेलं मॅक्डोनल्ड आजोबांचं ते इंग्रजी गाणं. पुण्यात आमच्या सोसायटीत मराठी, तेलुगू, बंगाली अशा सगळ्या घरांतून हे एकच शेत ऐकू येतं. गाणं मस्त आहे, तक्रार नाही. पण एका शनिवारी मला त्याचा इतिहास शोधायची हुक्की आली आणि गंमत कळली. हे शेताचं गाणं शेतात जन्मलेलंच नाही.

याच घाटाचं, जनावरांचे आवाज काढणारं एक गाणं १७०६ साली थॉमस डर्फीनं लंडनच्या रंगभूमीसाठी लिहिलेल्या एका संगीतिकेत सापडतं. मग २०० वर्षं ते इकडेतिकडे फिरत राहतं आणि १९१७ साली नेटलिंगहॅम नावाच्या माणसानं पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची गाणी जमवून काढलेल्या 'टॉमीज ट्यून्स' या पुस्तकात दिसतं. तिथे शेत अमेरिकेतल्या ओहायोत आहे. म्हणजे मुक्काम पोस्ट नाटकगृह, नंतर बराक. नीट ऐकलंत तर त्यात कोणी कामच करत नाही. नांगरट नाही, पेरणी नाही, काढणी नाही. जनावरं नुसती ओरडतात. मला वाटतं म्हणूनच ते जगभर गेलं. ज्या गाण्याला कुठल्याच अवजाराची गरज नाही ते कुठेही वाजतं. आमच्या भाषेत सांगायचं तर, त्याला डिपेंडन्सीच नाही.

आता आमच्याकडचं बघा. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ. या मुलखात काम आणि गाणं वेगळं असतं ही कल्पनाच नव्हती. याच जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवताना भजनात दंग. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी मळ्यात पाणी देता देता अभंग रचणारे. संतांचं सोडा, अगदी साध्या माणसांचीही तीच तऱ्हा. जात्यावर ओवी, काढणीला भलरी, विहिरीवर मोटेचं गाणं, खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरवताना आणखी वेगळं. आणि ही गाणी करमणुकीसाठी म्हटलेली नव्हती बरं का. ती कामाचा एक पार्ट होती.

मोटेचं उदाहरण घेऊ, कारण त्यातली इंजिनिअरिंग मला भयंकर आवडते. चामड्याची मोठी मोट, तिला खाली सोंड. वरून जाड नाडा, सोंडेला बारका सोंदूर. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल धावेच्या उतारावरून विहिरीपासून लांब जातात, भरलेली मोट वर येते, सोंदूर सोंड ओढून धरतो आणि पाणी थारोळ्यात आपोआप ओततं. इथपर्यंत सोपं. खरी मेख पुढे आहे. बैलांना आता पाठमोरं, चढावर, विहिरीच्या दिशेनं मागे यायचंय. ट्रेलर लावून रिव्हर्स घेऊन बघितलाय कधी? तसंच, फक्त दोन जिवंत इंजिनं, आणि मागे खोल विहीर. मोटकरी उतरताना नाड्यावर बसायचा, चढताना कासरा धरून बैलांबरोबर उलटा चालायचा. दिवसभर. त्याच्या गाण्याची ओळ एका फेरीच्या मापाची असायची. उतरताना लांब सूर, पाणी पडताना थांबा, मागे सरताना तुटक तुटक हाकारे. बैलांना त्या सुरावरून कळायचं आता थांबायचंय की वळायचंय. म्हणजे गाणं हा कंट्रोल सिग्नल होता, फक्त गोड गळ्यातला.

आमच्या आबांनी वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत मोट हाकली आहे. आता ते ऐंशी पार आहेत. मागच्या दिवाळीला मी मोबाईल घेऊन त्यांच्यासमोर बसलो, म्हटलं मोटेचं गाणं म्हणा, रेकॉर्ड करतो. आबा खुर्चीत बसले. घसा खाकरला. पहिला शब्द आला, दुसरा येईना. दोन-तीन वेळा प्रयत्न केला आणि वैतागले.

"आरं लेकरा, असं बसून कुठं यंल ते! हातात कासरा न्हाई, म्होरं बैलं न्हाईत."

मग काय झालं माहीत नाही, उठले. अंगणात उभं राहून काठी कासऱ्यासारखी धरली आणि चार पावलं पाठमोरे चालले. आज्जी ओरडली, "पडाल की!" पण तेवढ्यात दोन ओळी आल्या. अगदी सुरात. तिसरीला भिंत आली आणि गाणं थांबलं. माझ्याकडे बावीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे, त्यातली अर्धी आज्जी आहे :-)

हे गाणं कुणी बंद पाडलं? कुणीच नाही. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. नंतर गावोगाव वीज आली, विजेचे पंप आले. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्यातली जनावरं संपवली, विहिरींचं पाणी मोटेच्या आवाक्याखाली गेलं. आबा म्हणतात इंजिन आलं तेव्हा गावातली पोरं त्याच्या पुक-पुक आवाजाची नक्कल करत गल्लीतून पळायची. मोट सुटल्याचं कुणालाही वाईट वाटलं नाही, आबांना तर नाहीच. दिवसभर उलटं चालायला कोणाला आवडेल? शेतीतल्या जुन्या गाण्यांबद्दल गळे काढणाऱ्या लेखांत हा मुद्दा कायम गाळलेला असतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

जात्याचंही तेच. गिरणी आली आणि बाईची पहाटेची दोन तासांची झोप परत मिळाली. ओव्यांचं नशीब मात्र मोटेच्या गाण्यापेक्षा बरं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगीत अभ्यासकानं १९९० च्या दशकात त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०१७ पासून 'पारी'नं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं, त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. डेटाबेसवाल्या लोकांनी जरूर बघा, एकेक ओवी विषयवार लावलेली आहे. आणि घराघरांत ओवी जिथे उरली ती कुठे उरली, तर लग्नाच्या हळदीला, जिथे जातं आजही पुजलं जातं. रोजचं दळण गेलं तशी रोजची ओवी गेली, पण समारंभातलं जातं राहिलं तशी समारंभातली ओवीही राहिली.

पोरांच्या वाट्याला शेतातलं एक स्वतंत्र संगीत होतं, पाखरं राखण्याचं. ज्वारी निसवली की शेतात माळा बांधायचा, त्यावर पोरगं चढवायचं, हातात गोफण आणि एक फुटका डबा. बोंबलायचं, डबा बडवायचा, शेजारच्या माळ्यावरच्या पोराला उत्तर द्यायचं. सकाळी आणि संध्याकाळी पाखरं उतरायची, तेव्हा अख्ख्या शिवारात माळ्यांची जुगलबंदी. आवाज करण्याबद्दल मोठ्यांनी शाबासकी द्यावी असं बालपणातलं हे एकमेव खातं असावं. माझ्या वडिलांनी हे केलंय. मी केलं नाही, कारण माझ्या लहानपणी आमच्या बऱ्याचशा रानात सोयाबीन आलं होतं आणि सोयाबीनच्या शेंगा राखायला कुणी माळ्यावर बसत नाही.

असो. हे सगळं वाचून वाटेल की आमच्याकडे आता सामसूम आहे. तसं नाही. वर्षातून एक दिवस आमचं शिवार अजूनही गाजतं. मार्गशीर्ष अमावस्या. पंचांगात दर्श वेळा अमावस्या, आणि तोंडात येळवस.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे नाव बहुतेक नवीन असेल. धाराशिव, लातूर, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे बिदर, कलबुर्गी, एवढा हा मुलूख. (लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, त्यामुळे 'येळवस लातूरची' असं म्हणणाऱ्या मित्रांनी जपून बोलावं.) त्या दिवशी बाजारपेठा ओस, गल्ल्या रिकाम्या, सगळं गाव रानात. पूर्वी बैलगाड्या, आता ट्रॅक्टरची ट्रॉली आणि मोटरसायकली. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. नैवेद्याला भज्जी, म्हणजे हरभरा, तूर, वाल, पालेभाज्या, जे जे रानात हिरवं आहे ते सगळं बेसनात शिजवलेलं. सोबत सजगुऱ्याचे उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर, आणि मडक्यात आंबील. ताक आणि ज्वारीचं पीठ यांचं ते आंबट पेय तीन पेले प्यायल्यावर कोपीच्या सावलीत जी झोप लागते तिला कुठल्याही रिसॉर्टमध्ये तोड नाही.

पण मुख्य प्रकार फेरीचा. एक जण डोक्यावर घोंगडी आणि हातात आंबिलीचं भांडं घेऊन पुढे, पिकात आंबील शिंपडत. बाकीचे मागे, आणि त्यात सगळ्यात जास्त पोरं. एकानं एक ललकारी द्यायची आणि बाकीच्यांनी ओरडून उत्तर द्यायचं, बांधाबांधानं. तिकडून शेजारच्या रानातली फेरी ओरडत येते, मग कुणाचा आवाज मोठा यावर पैजा. त्या ललकारीतले निम्मे शब्द कानडी वळणाचे, आणि अर्थ विचारला तर दहा माणसं दहा अर्थ सांगतात. मॅक्डोनल्डच्या ध्रुपदालाही कुठे अर्थ आहे म्हणा.

कानडी शब्द आले कुठून? इतिहास बघितला तर कोडं नाही. निजामाच्या राज्यात उस्मानाबाद जिल्हा औरंगाबादच्या नाही, गुलबर्गा विभागात होता. मराठवाडा म्हटलं की आपण नांदेड-परभणीचा विचार करतो, पण आमचा कारभार, बाजार, सोयरिकी सगळं पूर्वेला आणि दक्षिणेला. १९४८ ला हैदराबाद संस्थान गेलं, १९५६ ला भाषेनुसार राज्यं झाली, तेव्हा नकाशावर रेघ आली. सणानं ती रेघ पाहिलीच नाही. उत्तर कर्नाटकात याच अमावस्येला लोक रानात जातात, पिकात नैवेद्य शिंपडतात आणि तिला एळ्ळु अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. आमच्याकडचे काही जण म्हणतात की हा शब्द 'एळु' म्हणजे सात यावरून आला, कारण ज्येष्ठापासून मोजली तर ही सातवी अमावस्या. मला तिळाचं पारडं जड वाटतं, पलीकडे नावातच तीळ आहे. काही असो, 'वेळ'शी याचा संबंध नसावा. एळ्ळुचं येळ झालं आणि शिकलेल्या माणसांनी 'येळ' हे अशुद्ध समजून त्याचं 'वेळ' केलं, असा माझा तर्क आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानं आमच्या उमरगा-लोहारा भागातली आणि लातूरकडची गावंच्या गावं पाडली. बरीच गावं नव्या जागी वसली. गावं हलली, शिवार हललं नाही, त्यामुळे कितीतरी लोकांची शेतं एकदम लांब गेली. आज्जी सांगते, त्यानंतरच्या येळवशीला आमच्याकडे कोप उभी केली, पांडव मांडले, आंबील शिंपडली, पण गुपचूप. ओरडलं कोणी नाही. पुढच्या वर्षी काय करायचं हे मोठ्यांचं ठरत नव्हतं, तेवढ्यात पोरं पुढे पळाली आणि त्यांनीच ललकारी सुरू केली. मग मोठ्यांना उत्तर देणं भाग पडलं.

आता अडचण वेगळी आहे. कोपीला कडबा लागतो आणि कडब्याला ज्वारी. आमच्या भावकीत निम्म्यांनी ऊस लावला, तात्यांनी जमीन बटईनं दिली, बटईदाराला सोयाबीन आणि हरभरा परवडतो. मागच्या वर्षी आमच्या कोपीच्या पेंढ्या शेजाऱ्याकडून विकत आणल्या. विकतच्या कडब्याची कोप. तात्यांना ते फार लागलं, जेवताना दोनदा बोलून दाखवलं. दुसरीकडे पुण्याच्या आसपास हुरडा पार्ट्या जोरात आहेत, राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरणही आहे. मी गेलोय दोन-तीनदा. नाकं मुरडणार नाही, सोसायटीतली पोरं तिथे पहिल्यांदा ढेकळात पळाली आणि हुरडाही फर्मास होता. फक्त तिथे स्पीकर लावलेला असतो आणि तुमच्या ललकारीला पलीकडच्या बांधावरून उत्तर येत नाही.

येळवशीला आमच्याकडे स्थानिक सुट्टी असते, हिंजवडीत नसते. मागच्या वर्षी रिलीज होता, मला जाता आलं नाही. फेरीच्या वेळी चुलतभावानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिशात ठेवून चालायला लागला. पुढचा सगळा वेळ मला फक्त खिशाचा अंधार, कडब्याची सळसळ आणि आवाज. दहा-बारा पोरं एका दमात ओरडत होती. मी मीटिंग रूमचं दार लावून उत्तर द्यायला लागलो, पण कॉलला दोन सेकंदांचा लॅग. माझं उत्तर पोचेपर्यंत तिकडे पुढची ललकारी सुरू. शेवटी एक पोरगं खिशाजवळ येऊन म्हणालं, "काका, तुम्ही मागं राहायलाव, जरा जोरात पळा की."