टप्प्यांच्या सायकल शर्यतीतील मानसिक एकाग्रता

अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीत थकवा, दुखापत व वेळेची पिछाडी सोसूनही हातातल्या टप्प्यावर लक्ष टिकवण्याची स्पर्धकाची क्षमता.

उगम : टप्प्यांच्या शर्यतीचा साचा टूर द फ्रान्सने (१९०३) रूढ केला. अमेरिकेत कोलोरॅडोतील रेड झिंगर क्लासिक (१९७५, पुढे कूर्स क्लासिक) ही अशी प्रमुख शर्यत होती.

वैशिष्ट्ये : सर्व टप्प्यांच्या वेळेची बेरीज होत असल्याने एका टप्प्यातील पिछाडी पुढेही कायम राहते, ठरलेल्या वेळेत न पोहोचणारा बाद होतो. अशा एकाग्रतेचे उदाहरण म्हणजे ग्रेग लेमाँड, १९८६ मध्ये टूर जिंकणारा पहिला अमेरिकी. एप्रिल १९८७ मध्ये शिकारीत चुकून गोळी लागून तो गंभीर जखमी झाला. १९८९ च्या टूरच्या अखेरच्या टप्प्यात, व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किमी. घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत (टाइम ट्रायल), त्याने वाटेतली वेळ सांगू नये असे संघाला बजावले. ५० सेकंदांची पिछाडी भरून आघाडीवर असलेल्या लोराँ फिन्याँवर एकूण वेळेत ८ सेकंदांनी विजय मिळवला.

महत्त्व : काही व्यावसायिक संघांच्या सरावात श्वासनियंत्रण व मार्गाची मनातल्या मनात उजळणी यांचा समावेश होतो. टप्पे नसलेल्या, अखंड चालणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’त अपुऱ्या झोपेची भर पडते, २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी ती दुहेरी गटात पूर्ण केली.

(पहा : क्रीडा मानसशास्त्र, टूर द फ्रान्स, सायकल शर्यती).