लॅब्रेडोराइट: रंगद्रव्याविना निळा

कॅनडाच्या ईशान्येला लॅब्रेडोरचा थंड, खडकाळ किनारा आहे. इनुइट लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. १७७१ साली मोरावियन पंथाच्या मिशनऱ्यांनी तिथे नेन हे ठाणे वसवले आणि त्याच सुमारास जवळच्या पॉल बेटावरचे राखाडी दगड त्यांच्यामार्फत युरोपात गेले. दगड दिसायला अगदी साधा. पण जरा कलता धरला की आतून मोरपिशी निळा उसळतो, आणखी कलला की विझतो. किनाऱ्याच्या नावावरून खनिजाला लॅब्रेडोराइट म्हणू लागले.

हे फेल्डस्पार कुळातले खनिज. त्यात सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही असतात. खडक तापलेला असताना ते एकजीव असतात. तो फार सावकाश निवत गेला, की स्फटिकाच्या पोटातच दोन वेगळ्या रासायनिक घडणींचे पापुद्रे आलटून पालटून पडतात. एकेक पापुद्रा साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. त्यांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग मावळतात, काही उजळतात. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात तसेच हे. पापुद्रे पातळ तर निळा, जाड तर पिवळा-तांबडा. म्हणून दगडाला पैलू पाडणारा कारागीर आधी पापुद्र्यांची दिशा शोधतो. ती चुकली तर हाती नुसता राखाडी तुकडा उरतो.

या झळाळीने सर सी. व्ही. रामन यांनाही ओढून घेतले. ए. जयरामन यांच्यासह त्यांनी १९५० साली लॅब्रेडोराइटची रचना आणि तिच्यातून उमटणारे रंग यांवर शोधनिबंध लिहिला. समुद्राच्या निळाईचे कोडे सोडवणाऱ्या माणसाला दगडातली निळाई खुणावावी, हे मला फार आवडते. त्याआधी १९४० मध्ये फिनलंडच्या युलामा भागात युद्धकाळातल्या तटबंदीचे काम चालू असताना याच खनिजाचा साठा सापडला होता. त्यात निळ्याबरोबर हिरवा, सोनेरी, तांबडाही झळकतो. आर्ने लाइटाकारी या भूवैज्ञानिकाने त्याला स्पेक्ट्रोलाइट असे नाव दिले.

लॅब्रेडोराइट आपल्याही पायाखाली आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळातला फेल्डस्पार बहुतांशी याच घडणीचा. पण हा कातळ ज्यापासून बनला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा उघड्यावर पसरून लवकर थिजला. स्फटिक बारीक राहिले, पापुद्रे पडायला सवड मिळाली नाही; म्हणून आपल्या कातळात हे खनिज भरपूर असूनही त्याची निळी झळाळी दिसत नाही.